दृष्ट, काळा दोरा, तीट सगळं चालू आहे, पण आता घरचे 'बाहेरचं' बघायला म्हणताहेत, काय करू?

केतकी_नाशिक :

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. माझा मुलगा दीड महिन्याचा आहे. वजन छान वाढतंय, दिवसा शांत असतो, पण दिवेलागण झाली की जो रडायला लागतो तो नऊ-साडेनऊपर्यंत, मुठी आवळतो, पाय पोटाशी घेतो, लालबुंद होतो, पाजून झालं, खांद्यावर घेऊन फिरवून झालं, पोटाला हिंग लावून झाला, कशानेच थांबत नाही आणि मग एकदम थकून झोपतो. डॉक्टरांनी नीट तपासलंय, पोट मऊ आहे, बाळ उत्तम आहे म्हणाले आणि थेंब लिहून दिलेत.

सासूबाई तो जन्मल्यापासून सगळं मनापासून करताहेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट आधारच वाटतो. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून पूजा केली, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं, रात्रभर दिवा तेवत ठेवून त्या स्वतः जाग्या बसल्या. गालावर तीट, कमरेला काळा करदोटा, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या, उशाशी वेखंड आणि छोटी सुरी, दारात शनिवारची लिंबू-मिरची, आणि रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहरी. बाहेरून कुणी आलं की आधी पायावर पाणी, मगच खोलीत.

आता खरा प्रॉब्लेम. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून सासूबाई मला न सांगता बाळाचं दुपटं घेऊन एका 'जाणत्या'कडे जाऊन आल्या. त्याने दुपटं हातात घेऊन सांगितलं की घरातल्याच बाईची नजर आहे, जिची कूस रिकामी आहे तिची. येत्या अमावस्येला बाळाला घेऊन या, गंडा बांधतो, आणि तोवर डॉक्टरचे थेंब बंद ठेवा. माझ्या मोठ्या जाऊबाईंना मूल नाही. दवाखान्यात माझ्याबरोबर त्याच राहिल्या होत्या, बाळाची पहिली आंघोळ त्यांनी घातली. आता त्या आल्या की सासूबाई बाळाला आतल्या खोलीत नेतात, अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही पण येईलच ना. नवरा म्हणतो आईचं मन राखायला एकदा जाऊन येऊ, काय बिघडतं. मला जायचं नाहीये. सासूबाईंना दुखवायचंही नाहीये. घरच्या गोष्टींतलं काय चालू ठेवायला हरकत नाही, काय बंद करू आणि हे अमावस्येचं कसं टाळू, प्लीज सांगा.

अबोली :

केतकी, पहिलं म्हणजे तुझ्या सासूबाई घाबरल्यात, वाईट नाहीत, हे धरून चाल. पाचवीची रात्र जागलेली बाई ती. संध्याकाळी तीन तास मूल रडतं आणि आपल्याला काही करता येत नाही हे बघणं फार अवघड असतं, मी दोन मुलं आणि चार नातवंडं बघितलीयत, त्यातली तिघं याच वेळेला रडायची.

दृष्ट मी अजून काढते आणि काढत राहणार. खडेमीठ, मोहरी, सात सुक्या लाल मिरच्या दोन्ही मुठींत घ्यायच्या, मुठी एकमेकींवरून फिरवत बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या, तीनदा किंवा सातदा, आणि मग विस्तवावर टाकायच्या. खाट आला नाही, ठसका लागला नाही की म्हणायचं बघा किती दृष्ट लागली होती. मीठ तडतडतं ते खड्यात अडकलेल्या ओलाव्याने, हे मला मुलाने शाळेत असताना सांगितलं होतं, तरी तो आवाज ऐकून मला बरं वाटतं आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. विस्तव मात्र बाळाच्या खोलीत आणायचा नाही, मागच्या अंगणात नाहीतर ओट्यावर गॅस लावून तव्यावर, खिडकी उघडून. मिरचीचा धूर मोठ्यांना सोसत नाही, त्या जिवाला कसा सोसेल.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. दृष्ट काढताना आपण म्हणतो काय ते आठव. आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, शेजारणीपाजारणीची, भुताखेताची, घरच्यादारच्यांची, आणि आमच्या घरी शेवटी ठासून म्हणतात, आईची आणि बापाची. माझी आजी तर सांगायची की सगळ्यात आधी आईचीच लागते कारण तीच सारखी डोळे भरून बघते. म्हणजे सगळ्यांना एका मुठीत घेतलं आणि चुलीत घातलं, झालं, कुणा एकीकडे बोट दाखवलं नाही. आता तो जाणता काय करतोय? बरोब्बर उलटं. त्याने त्या मुठीतून एक बाई वेचून काढली. ही आपली पद्धत नाही, आणि सासूबाईंना हे त्यांच्याच भाषेत सांगता येईल असं मला वाटतं.

आणखी एक, कुणी तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाकायला सांगितलं तर नको करूस. तुरटी तापली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती फुगते, वेडावाकडा आकार होतो, मग त्यात नाक दिसतं, अंबाडा दिसतो आणि कुणाचा तरी चेहरा ओळखला जातो. आमच्या वाड्यात त्यावरून दोन घरं कायमची बोलायची बंद झाली होती.

वॉर्डातली_ताई :

मी प्रसूती विभागात नर्स आहे, बरीच वर्षं झाली. केतकी, तू जे लिहिलंस ते ऐकूनच आम्ही ओळखतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहा आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप कमी होतं. संध्याकाळीच का होतं याचं एकच एक कारण कुणालाही सांगता आलेलं नाही. पण गंमत बघ, तू आत्ता सगळ्यात वाईट आठवड्यात आहेस, म्हणजे यापुढे काहीही केलं तरी ते कमीच होत जाणार, गंडा बांधला तर गंड्याने झालं म्हणतील आणि पुढच्या वेळी ताप आला तरी त्याच्याकडेच पळतील. म्हणून मला या गंड्याची जास्त भीती वाटते.

पाचवीबद्दल लिहायचंच होतं. आम्ही ट्रेनिंगला असताना जुन्या सिस्टर सांगायच्या, पूर्वी नाळ कापायला विळा, कोयता, जे हाताशी येईल ते, आणि वर राख किंवा शेण लावायचं. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा आणि त्याची लक्षणं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतात, बऱ्याचदा आठवडाभराने. जबडा घट्ट, दूध ओढता येत नाही, अंग धनुष्यासारखं ताठ, आणि बाळ जायचं. पाचव्या-सहाव्या रात्री जागत बसणाऱ्या बायकांची भीती खोटी नव्हती, त्यांनी ती बाळं जाताना बघितलेली होती. आईला धनुर्वाताची इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि निर्जंतुक ब्लेड यांनी ते थांबलं, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. सासूबाईंना हे जरूर सांग, त्या रात्री जाग्या राहिल्या त्याला मान देऊन सांग.

आता तुझ्या यादीबद्दल. पायावर पाणी घेऊन आत येणं उत्तम, त्यात फक्त साबणाने हात धुणं घाल. तीट गालावर किंवा तळपायाला लावा पण डोळ्यात काजळ अजिबात नको, विकतच्या काजळात शिसं असू शकतं आणि घरचं असलं तरी बोटाने डोळ्यात घातलं की इन्फेक्शन होतं. करदोटा कमरेला सैल असेल तर चालेल, गळ्यात दोरा किंवा ताईत नको, झोपेत आवळू शकतो. मनगट्यांचे मणी रोज ओढून बघा, बाळ हात तोंडात घालायला लागलं की काढूनच टाका, सुटलेला मणी घशात अडकतो. उशाशी सुरी कशाला, ती आजच उचल, हवं तर कपाटावर ठेव म्हणावं. उशीही नको खरं तर. वेखंड पोटावर लावतात ते एक वेळ ठीक, पण उगाळून पोटात देऊ नका आणि घुटीत मध तर वर्षभर नाहीच. बंद खोलीत ओवा-शेपाची धुरीही नको.

आणि हे मात्र लक्षात ठेव : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध न ओढणं, नेहमीपेक्षा मलूल पडणं, रडण्याचा आवाज वेगळाच लागणं, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी.

पऱ्हाटी :

आमच्या विदर्भात पीडा घालवायची पद्धत लय निराळी आहे म्हणून लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, काळी आणि पिवळी. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. बांबू, कागद, कापडाची एवढी मोठी बाई, लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे, आणि सगळे ओरडतात, ईडा पीडा, खासी खोकला, रोगराई घेऊन जाय गे मारबत! मायबाप लेकरांना तिच्या पायाशी लावतात. मग गावाबाहेर नेऊन जाळून टाकायचं. सोबत बडगे असतात, त्यावर्षी ज्याचा ज्याचा लोकांना राग असेल, महागाई, भ्रष्टाचार, त्याचे पुतळे. खेड्यात तर पुतळाही नसतो, सकाळी पळसाच्या फांद्या घरातून फिरवून शिवेबाहेर टाकून येतात, आरोळी तीच. अबोलीताई म्हणतात तसंच हे, पीडा सगळ्या गावाची आणि बाहेर घालवायची तीही सगळ्यांनी मिळून, कुण्या एकाच्या दारात नेऊन टाकायची नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. मी काही वर्षं मेळघाटात नोकरीला होतो. तिथं लहान बाळाचं पोट फुगलं की विळा तापवून पोटावर चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. मी ते पोट बघितलं आहे, नाभीच्या भोवती बारीक बारीक काळे डाग, आणि ते बाळ रडत नव्हतं, रडायची ताकदच उरली नव्हती. त्या बाळाच्या आईवर कुणी चिडू नये. पावसाळ्यात नाला भरला की दवाखाना गाठायला अख्खा दिवस जायचा आणि भुमका, म्हणजे गावातला मांत्रिक-वैदू, हाकेच्या अंतरावर. लेकरू तडफडतंय आणि जवळ एकच माणूस आहे तर माय त्याच्याकडेच जाईल. तुमच्याकडे तर डॉक्टर आहे, त्याने तपासून सांगितलं आहे. अमावस्येला नेऊ नका एवढंच म्हणतो.

कुळागर :

मी पेडण्याची, गोव्यातली. आमच्याकडे गावाला राखणदार असतो, काही ठिकाणी देवचार म्हणतात. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, रात्री शिवेवरून फेरी मारतो अशी श्रद्धा. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधावर, मोठ्या झाडाखाली त्याची जागा असते, वर्षातून एकदा रोट, केळी, विडी आणि थोडा सोरो (दारू) ठेवायचा. लहानपणी आजोबांबरोबर मी जायचे, रोट ठेवून झाला की ते बांधावरून चालत शेवटपर्यंत जायचे, कुठे खेकड्याने भोक पाडलंय, कुठे माती सुटलीय, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं दार नीट बसतंय का, सगळं हाताने चाचपून बघायचे. एक भोक मोठं झालं की खारं पाणी आत आणि शेत दोन-तीन वर्षं गेलं, म्हणून राखणदाराचं करणं आणि बांध तपासणं एकाच दिवशी. मला आजही ती राखण पटते.

आणि दृष्ट काढणं फक्त हिंदूंचं नाही, आमच्या शेजारची ख्रिश्चन मावशीसुद्धा मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढते, प्रार्थना तिची असते एवढाच फरक. तिने माझ्या मुलीची काढलीय, मी तिच्या नातवाची.

सदू_मास्तर :

मी निवृत्त शिक्षक. केतकीताई, घरी मीठ-मोहरी ओवाळणं, रामरक्षा म्हणणं, अंगारा लावणं याला कायदा हात लावत नाही हे आधी सांगतो, कारण 'जादूटोणाविरोधी कायद्याने आता दृष्टही काढता येणार नाही' असं पसरवलं गेलं होतं. ते खरं नाही. पूजाअर्चा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, घरातली उपासना यांना हा कायदा लागू होत नाही असं त्यातच लिहिलेलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ज्या माणसाने या कायद्यासाठी इतकी वर्षं गावोगाव पायपीट केली त्याला तो बघायला मिळाला नाही, हे आजही सहन होत नाही.

या कायद्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिच्याबद्दल संशय निर्माण करणं आणि तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार. तुमच्या जाणत्याचं बोलणं नेमकं कशात बसतं ते पोलीस बघतील, पोलीस ठाण्यात त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, पण तुमच्या यजमानांना एवढं जरूर दाखवा की 'एकदा जाऊन येऊ, काय बिघडतं' हे उत्तर नाही. तुम्ही गेलात म्हणजे तुमच्या जाऊबाईंवरचा आरोप घराने मान्य केला.

याच कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. माझं बालपण रायगड जिल्ह्यात गेलं. आमच्याकडे विंचू उतरवणारे होते आणि त्यांचा मान मोठा, कारण काळ्या विंचवाच्या दंशाने ठणका लागतो पण माणूस सहसा मरत नाही, काही तासांनी वेदना उतरते आणि श्रेय मंत्राला. लाल विंचू मात्र घाम फोडायचा, हृदय आणि फुप्फुसं निकामी करायचा, पोरं पहाटेपर्यंत जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघितलं, १९८६ साली त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि त्यानंतर पोरं वाचायला लागली. तुम्हाला पुढे मुलाला कोकणात न्यायचं असेल तर हे लक्षात असू द्या.

नाव_नको :

मी सहसा लिहीत नाही इथे. जाऊबाईंबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या मोठ्या काकूला मूल नव्हतं. आम्हा सगळ्या भावंडांच्या वेण्या, डबे, अभ्यास, ताप, सगळं तिने केलं. माझ्या चुलत बहिणीच्या मुलाच्या बारशाला तिने कुंची शिवली होती, लाल खणाची, मागे मोराची चिंचोळी पट्टी आणि कडेला बारीक मोती, हाताने शिवलेली, मशीनवर नाही. बारशाच्या सकाळी घरातल्या एका म्हाताऱ्या बाईने तिला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं की आज तू पाळण्याजवळ नको. ती काही बोलली नाही. कुंची माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तू घाल त्याला. कुंची घालून सगळ्यांनी फोटो काढले, किती सुंदर, कुणी शिवली असं विचारलं, आणि ती आत पुऱ्या तळत होती. मी तेव्हा नववीत होते, मला सगळं कळत होतं.

त्यानंतर ती घरातल्या कुठल्याच लहान बाळाला आपणहून उचलायची नाही. कुणी दिलं तरच घ्यायची, आणि देताना समोरच्याचा चेहरा बघायची.

तुझ्या जाऊबाईंच्या अजून लक्षात आलं नाही असं तू म्हणतेस. मला वाटतं आलंय. अशा बाईला पहिल्या दिवशी कळतं. तू त्यांना काही समजावायला, सांगायला जाऊ नकोस, त्या जाणत्याचं नाव पण काढू नकोस, फक्त पुढच्या वेळी त्या आल्या की बाळ स्वतः उचलून सगळ्यांसमोर त्यांच्या मांडीवर दे आणि तिन्हीसांजेची दृष्ट त्यांना काढायला सांग. सासूबाई तिथे असताना. जी बाई दृष्ट काढते तिची दृष्ट लागली असं कोण म्हणेल? आणि हे काम तुझं नाही तर तुझ्या नवऱ्याचं आहे, त्याची आई आहे, वहिनी पण त्याची आहे. त्याला हे माझं वाचायला दे.

मृणाल_जर्सी :

आम्ही न्यू जर्सीत. माझी आई श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या कागदाची पूजा करते, पुरणाच्या दिव्यांनी आधी जिवतीला आणि मग मुलांना ओवाळायचं असतं, आम्ही कुणीच तिथे नसतो म्हणून ती चारही दिशांना अक्षता टाकते. फोनवर सांगते, टाकल्या गं. मला त्या दिवशी खरंच बरं वाटतं.

केतकी, सासूबाईंना संध्याकाळचं काहीतरी काम हवंय असं मला वाटतंय, नुसतं नको नको म्हटलं तर त्या परत तिकडेच जातील. रामरक्षा येते का त्यांना? तीसुद्धा कवचच आहे, शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः, असं डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागितलंय. माझ्या मुलीच्या वेळी आई बाळाला आडवं धरून एका लयीत म्हणायची आणि म्हणताना श्लोकाबरोबर हात कपाळ, डोळे, कान, खांदे असा उतरत यायचा. रडणं लगेच थांबायचं असं नाही, पण एका संथ आवाजाने आणि स्पर्शाने बाळ थोडं निवायचं, आणि मला तेवढ्यात आंघोळ करता यायची.

केतकी_नाशिक :

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री बाळाला खांद्यावर घेऊन सगळं वाचलं. नाव_नको, तुमची पोस्ट नवऱ्याला दिली. त्याने वाचली आणि बराच वेळ गप्प होता, मग आईशी बोलायला गेला, दार लावून. आरडाओरडा नाही झाला. सासूबाई रडल्या, म्हणाल्या मला तिच्याबद्दल काही वाईट वाटत नाही पण पोराला काही झालं तर. त्यावर त्याने अबोलीताईंचं आईबापाच्या दृष्टीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या हो, आमच्याकडेही तसंच म्हणतात. अमावस्येला जायचं नाही असं त्याने स्पष्ट सांगितलंय. त्यांना पूर्ण पटलंय असं मी म्हणणार नाही, पण दुपटं परत आणायला पाहिजे का असं विचारत होत्या, तर मी म्हटलं राहू दे, आपल्याकडे खूप दुपटी आहेत.

रामरक्षा त्यांना पाठ आहे, आज सुरू केली. सुरी उचलली, गळ्यात घालायला आणलेला ताईत देवाजवळ ठेवलाय. रविवारी जाऊबाई येताहेत, दृष्ट त्यांनाच काढायला सांगणार आहे. वॉर्डातली ताई, एक विचारायचं होतं, सासूबाईंनी मधले चार-पाच दिवस थेंब खरंच बंद केले होते, दोन बाटल्या आहेत, एक गॅसची आणि एक रोज द्यायची लहान बाटली. आता परत सुरू करताना जास्त द्यायचे का?

वॉर्डातली_ताई :

नाही, राहिलेला डोस भरून काढायचा नाही, लिहून दिलेला तेवढाच आजपासून सुरू कर. रोजची लहान बाटली बहुतेक ड जीवनसत्त्वाची असेल, लेबल वाच, ती चुकवायची नाही कारण आईच्या दुधातून ते पुरेसं मिळत नाही. गॅसच्या थेंबांनी सगळ्याच बाळांना फरक पडतो असं नाही, फरक दिसत नसेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारून बंद कर. दीड महिन्याची लस झाली ना? राहिली असेल तर ती याच आठवड्यात घे, आणि लस दिल्यावर एखादा दिवस ताप आला तर घरात परत कुणाची नजर निघायच्या आत आधीच सांगून ठेव की हा ताप लसीचा असू शकतो. किती आला ते मात्र मोजून डॉक्टरांना कळव.